डॉलर वाढला, मग आमच्या सहलीचं काय?

लातूर आणि आसपासच्या गावांतून परदेशी जाणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बुकिंग झालं की बहुतेक घरांतून एक फोन येतोच: "टीव्हीवर डॉलर वाढला म्हणून दाखवत होते. आमचे पैसे वाढणार का हो?" उत्तर प्रत्येकाला वेगळं द्यावं लागतं. कुणी उमराहला (मक्का-मदिनेच्या यात्रेला) चाललेलं असतं, कुणी थायलंडला, कुणी लुंबिनी करून पोखऱ्याला. फोनवर हे नीट सांगून होत नाही, म्हणून हे पत्रक. यातले आजचे म्हणून दिलेले दर हिशेब कळावा यासाठी गोल धरले आहेत. तुमच्या दिवशीचा खरा दर काउंटरवर विचारा.

पॅकेजमध्ये डॉलर कुठे लपलेला असतो

आमच्या कोटेशनमध्ये दोन भाग वेगवेगळे लिहिलेले असतात. विमानाचं तिकीट रुपयांत असतं. ते एकदा निघालं की पुढे डॉलर कुठेही जावो, त्याचा तिकिटाशी संबंध नाही. हॉटेल, तिथली बस, गाइड, प्रवेशाची तिकिटं यांचे पैसे मात्र आम्हाला तिकडच्या एजंटला परकीय चलनात द्यावे लागतात. समजा हा भाग माणशी 900 डॉलरचा आहे. कोटेशनच्या दिवशी डॉलर 88 ला होता आणि तुम्ही उरलेले पैसे भरायला आलात तेव्हा 90 झाला. माणशी 1,800 रुपये वाढले, चौघांच्या घराला 7,200. डॉलर उतरला तर तेवढेच कमी होतात आणि तेही बिलात दिसतात. ही धाकधूक नको असेल त्यांनी परकीय भाग आधीच भरून टाकावा. ज्या दिवशी भरला त्या दिवशीच्या दराने विषय मिटतो.

पॅकेजच्या बिलावर टीसीएस नावाची एक ओळ दिसेल. ती आमची कमाई नाही. तो तुमच्या पॅनवर जमा होणारा कर आहे, आयकर खात्याकडच्या तुमच्या करनोंदीत दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. त्याचा दर सरकार बदलत असतं, म्हणून इथे आकडा छापत नाही. मात्र रिटर्न न भरणाऱ्यांचे हे पैसे अडकून पडतात, एवढं ध्यानात ठेवा.

"आम्ही सौदीला चाललो, डॉलरचं आम्हाला काय?"

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि त्याचं उत्तर बहुतेकांना पटायला वेळ लागतो. सौदी रियाल डॉलरला बांधलेला आहे. 1986 पासून 1 डॉलर म्हणजे 3.75 रियाल. दुबईचा दिरहामही तसाच, 1997 पासून 1 डॉलरला 3.6725. म्हणजे रुपया आणि रियाल यांचा वेगळा असा भाव फारसा नसतोच. डॉलर 90 ला असेल तर रियाल 24 ला पडतो. डॉलर 93.75 झाला की रियाल 25. मक्का-मदिनेत जेवण, टॅक्सी, खजूर-अत्तर, घरच्यांसाठी भेटवस्तू मिळून एका माणसाने 3,000 रियाल खर्च केले, तर पहिल्या दराने ते 72,000 रुपये झाले, दुसऱ्याने 75,000. सौदीत एकाही वस्तूचा भाव वाढलेला नसताना तुमचे तीन हजार जास्त गेले. म्हणून उमराहला जाणाऱ्यांनीही बातम्यांतला डॉलरच बघायचा.

नेपाळचं बरोबर उलटं. तिथला रुपया 1993 पासून आपल्या रुपयाला बांधलेला आहे: आपले 100 म्हणजे त्यांचे 160. भूतानचा नगुलट्रम तर आपल्या रुपयाच्या बरोबरीनेच चालतो. लुंबिनी, पशुपतिनाथ, मुक्तिनाथ करणाऱ्यांनी डॉलरची बातमी खुशाल बंद करावी. फक्त दुकानदार भाव सांगतो तो "एनसी" की "आयसी", म्हणजे नेपाळी की भारतीय, हे आधी विचारून घ्या. 1,600 ची शाल 1,000 ला पडते की 1,600 लाच, हे त्या एका प्रश्नावर ठरतं.

रुपया पडला म्हणजे सगळं जग महागतं, असं नाही

रुपया डॉलरपुढे घसरला की टीव्हीवर लाल बाण येतो आणि लोकांना वाटतं, आता कुठेच जायला नको. पण जपान बघा. 2012 च्या शेवटी डॉलर 54-55 रुपयांना होता, तेव्हा 100 येनला 60 च्या वर रुपये मोजावे लागत. 2024 च्या मध्यापर्यंत डॉलर 83 च्या पुढे गेला, तरी 100 येन 52-53 रुपयांत मिळत होते. आपला रुपया पडला, पण त्यांचा येन डॉलरपुढे त्याहून जास्त पडला. बघायचं ते रुपया आणि तुम्ही जाणार त्या देशाचं चलन, या दोघांचं एकमेकांशी काय चाललंय ते.

पण नुसता भाव बघूनही भुलू नका. 2022 मध्ये श्रीलंकेचा रुपया कोसळला. मार्चच्या सुरुवातीला आपल्या 1 रुपयाला त्यांचे पावणेतीनच्या आत मिळत होते, मे महिन्यात साडेचार. कागदावर सगळं स्वस्त झालं. पण तिथली महागाईही त्याच वर्षी 70 टक्क्यांच्या आसपास पोहोचली होती आणि पेट्रोलसाठी रांगा लागल्या होत्या. चलन स्वस्त मिळालं आणि टॅक्सी दुप्पट झाली, तर हातात काय उरलं?

पेपरातला दर आणि हातात पडणारा दर

मोंढ्यात सोयाबीन नेणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पेपरात छापून येतो तो भाव एक असतो आणि हमाली-तोलाई, ओलावा वजा जाऊन पट्टीवर येतो तो दुसरा. चलनाचंही असंच. गुगलवर किंवा पेपरात दिसतो तो बँकांचा आपसातला, मोठ्या व्यवहारांचा दर. तुम्हाला नोटा विकताना त्यावर काही पैसे चढतात, तुमच्याकडून परत घेताना काही उतरतात. या दोन दरांतलं अंतर हीच विकणाऱ्याची मिळकत. आमचीही यातच आहे, लपवायचं काही नाही.

आता हिशेब. पेपरात डॉलर 90. आमच्यासारख्या काउंटरवर समजा 91.20 ला मिळाला, विमानतळावर 94.50 ला. 500 डॉलरचे इकडे 45,600 झाले, तिकडे 47,250. फरक 1,650 रुपयांचा. डॉलर एक रुपयाने उतरेल म्हणून तुम्ही पंधरा दिवस वाट बघितली असती आणि तो खरंच उतरला असता, तर वाचले असते 500. लोक त्या 500 साठी रोज भाव बघतात आणि शमशाबादला (हैदराबादला) किंवा मुंबईला विमानतळावर पोहोचल्यावर घाईघाईत 1,650 सोडून येतात. डॉलर उद्या वर जाईल की खाली, हे सांगणारा माणूस आम्हाला अजून भेटलेला नाही. खनिज तेलाचा भाव, शेअर बाजारातून बाहेर जाणारा परदेशी पैसा, अमेरिकेतले व्याजदर, मध्येच रिझर्व्ह बँकेचा हस्तक्षेप, इतकी कारणं त्यामागे असतात. फारच काळजी वाटत असेल तर निम्मं चलन आज घ्या, निम्मं निघायच्या आठवड्यात.

चलनाच्या बिलावर जीएसटीही लागतो, पण तो अगदी किरकोळ. 1 लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेच्या 1 टक्का हे मूल्य धरतात (कमीत कमी 250 रुपये) आणि त्यावर 18 टक्के. वरच्या 45,600 वर तो 82 रुपये झाला. कुणी "जीएसटी वाचवून देतो, बिल नको" म्हणालं, तर 82 रुपयांसाठी बिलावर पाणी सोडू नका.

कार्ड, मशीन, एटीएम

पैसे खरे गळतात ते इथे. बँकॉकच्या हॉटेलात 5,000 बाटचं बिल झालं. तुम्ही कार्ड दिलं. मशीनच्या पडद्यावर दोन ओळी येतात: वर बाट 5,000, खाली रुपये 13,700. काउंटरवरची मुलगी हसून म्हणते, "इंडियन रुपी, सर?" आपला रुपया दिसला की बरं वाटतं आणि बोट तिकडेच जातं. तिथे थांबा. बाट समजा 2.60 ला असेल तर बिल 13,000 चं आहे. वरचे 700 मशीनवाल्याने लावलेल्या दराचे. नेहमी तिथल्या चलनाची ओळ निवडा. मुलीने परस्पर रुपया दाबला असेल तर पावतीवर सही करण्याआधी व्यवहार रद्द करून पुन्हा करायला लावा. भांडायला लागत नाही, नुसतं "लोकल करन्सी" म्हटलं की पुरतं.

साध्या क्रेडिट किंवा डेबिट कार्डावर आपली बँकही परदेशी व्यवहाराचा आकार लावते. तो बहुधा 2 ते 3.5 टक्के असतो, वर त्याच्यावर 18 टक्के जीएसटी. 3.5 टक्केवाल्या कार्डावर 50,000 खर्च केले तर 2,065 रुपये नुसते याचे. फॉरेक्स कार्डात, म्हणजे आधी परकीय चलन भरून ठेवायच्या कार्डात, हे वाचतं, कारण दर कार्ड भरतानाच ठरून जातो. पण ज्या देशात जायचं त्याच चलनात ते भरा. डॉलर भरून युरोपात वापरलं तर चलन बदलल्याचा आकार परत लागतो.

एटीएमचं असं, की थायलंडमध्ये परदेशी कार्डाला दर वेळी 220 बाटच्या आसपास कापतात, मग तुम्ही कितीही काढा. 2,000 बाट काढले तर 11 टक्के गेले, 20,000 काढले तर जेमतेम 1 टक्का. रोज थोडे थोडे काढायची आपली सवय तिथे महागात पडते.

नेपाळ, भूतान, श्रीलंका, मॉरिशस, सिंगापूर, यूएई आणि फ्रान्समध्ये काही ठिकाणी आपलं यूपीआय चालतं. ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय पर्याय निघण्याआधी चालू करून ठेवा. सगळ्या दुकानांत ते असेलच, असं धरून मात्र चालू नका.

नोटांबद्दल

बहुतेक देशांना जाताना एका वेळी 3,000 डॉलरपर्यंतच्याच नोटा नेता येतात, बाकीचं कार्डात. चलनाचे 50,000 किंवा त्याहून जास्त रुपये होत असतील तर ते रोखीत घेता येत नाहीत, खात्यातून द्यावे लागतात. आपले रुपये जाताना 25,000 पर्यंतच सोबत ठेवा.

शेजारचे नुकतेच उमराहहून आले, त्यांच्याकडे रियाल उरलेत, ते पेपरातल्या भावाने देताहेत, असं आपल्याकडे खूप चालतं. माणूस भला असतो, हेतूही चांगला असतो. पण परकीय चलनाचा असा आपसातला व्यवहार फेमा कायद्यात बसत नाही, आणि नोट खोटी निघाली तर तुम्ही ती जेद्द्यात काउंटरवर देत असता. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्याकडूनच घ्या.

डॉलर घेताना कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा मागून घ्या. इंडोनेशियात शाई लागलेली किंवा घडी पडलेली नोट परत करतात. व्हिएतनामला जाणाऱ्यांनी तिथल्या दोन निळ्या नोटा नीट बघून ठेवाव्यात. 20,000 डाँगची आणि 5 लाख डाँगची अंधारात सारख्याच दिसतात. एक साधारण सत्तर रुपयांची, दुसरी सतराशेच्या आसपासची. रिक्षावाल्याला कुठली दिली ते हॉटेलवर आल्यावर कळून उपयोग नाही.

परत आल्यावर उरलेल्या नोटांपैकी 2,000 डॉलरपर्यंत पुढच्या वेळेसाठी जवळ ठेवता येतात. त्यावरचं चलन 180 दिवसांत परत द्यावं लागतं. आम्ही ते खरेदीच्या दराने, म्हणजे तुम्ही घेतलं त्यापेक्षा कमी भावाने घेतो. म्हणून शेवटच्या दिवशी हॉटेलचं बिल आधी उरलेल्या नोटांनी भरा, कमी पडलं तरच कार्ड काढा. नाणी कुणी परत घेत नाही, ती विमानतळावरच्या चहात संपवून टाका.

चलन हवं असेल तर निघण्याच्या चार दिवस आधी सांगा. डॉलर, रियाल, दिरहाम बहुतेक वेळा लगेच मिळतात, बाट आणि येन बाहेरून मागवावे लागतात. येताना पासपोर्ट, पॅन कार्ड, तिकीट आणि व्हिसाची प्रत आणा. शनिवार-रविवारी बाजार बंद असतो. त्या दिवशी शुक्रवारच्या दरावर थोडे जास्त पैसे चढतात, त्यामुळे जमलं तर मधल्या वारी या.