लाइव्ह आणि स्टेजिंगच्या कॅशची भांडणं: हे सगळं आलं कुठून

गेल्या दिवाळीच्या तोंडावर मी सांभाळतो त्या एका दुकानाच्या वर्डप्रेसवरच्या साइटवर ऑर्डर द्यायला आलेली माणसं अचानक स्टेजिंगच्या, म्हणजे बदल आधी करून बघायला ठेवलेल्या प्रतीच्या, पत्त्यावर जायला लागली. लाइव्हचा, म्हणजे गिऱ्हाइकांच्या खऱ्या साइटचा, डेटाबेस उघडला तर पत्ता बरोबर, फाइल्सना कोणी हात लावलेला नाही, आणि तरी प्रत्येक लिंक स्टेजिंगची. अर्ध्या तासाने कळलं की दोन्ही साइट एकच रेडिस वापरत होत्या, म्हणजे माहिती मेमरीत जपून पटकन देणारं सॉफ्टवेअर; अशा जपून ठेवलेल्या माहितीलाच कॅश म्हणतात. ऐन सिझनला गिऱ्हाईक परत गेलं ना की फार लागतं हो, म्हणून हे असं का होतं ते नीट मुळापासून सांगतो.

वर्डप्रेस हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर आलं मे २००३ मध्ये, मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी बीटू नावाच्या जुन्या ब्लॉगिंग सॉफ्टवेअरवरून उभं केलेलं. कोणी पान मागितलं की पीएचपी या भाषेतला त्याचा कोड उठणार, मायएसक्यूएल या डेटाबेसला विचारणार, पान जुळवून देणार, आणि पुढच्या माणसासाठी तेच परत पहिल्यापासून. दिवसाला शंभर वाचक असतील तर काही बिघडत नाही, पण त्या काळात स्लॅशडॉट किंवा डिग अशा लिंका देणाऱ्या गाजलेल्या साइटवर लिंक लागली की एकदम लोंढा यायचा आणि साधं शेअर्ड होस्टिंग जागच्या जागी झोपायचं. त्यावर उपाय म्हणून स्पेनच्या रिकार्डो गॅलीचं डब्ल्यूपी-कॅश हे प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचं सॉफ्टवेअर, आलं, आणि त्याच्यावरून २००७ मध्ये आयर्लंडच्या डोनका ओ कीव्हने डब्ल्यूपी सुपर कॅश काढलं. कल्पना एकदम साधी, पान एकदा बनवून एचटीएमएल फाइल म्हणून ठेवायचं, आणि एचटीॲक्सेस या सर्व्हरच्या फाइलमधल्या नियमांनी ती फाइल थेट द्यायची, पीएचपीला उठवायचंच नाही. २००९ ला डब्ल्यूथ्री टोटल कॅश आलं, २०१३ ला फ्रान्समधून डब्ल्यूपी रॉकेट.

आता खरी गोम इथे आहे. वर्डप्रेसने पेज कॅशसाठी, म्हणजे अशा बनवून ठेवलेल्या पानांसाठी, सोय ठेवली ती एकाच खुर्चीची. डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरमध्ये ॲडव्हान्स्ड-कॅश नावाची एकच फाइल, आणि ती चालू करायला डब्ल्यूपी-कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ. नाव ठरलेलं, जागा ठरलेली, म्हणजे दोन प्लगइन एकदम बसूच शकत नाहीत, दुसरं आलं की पहिल्याची फाइल पुसणार नाहीतर अडून बसणार. त्यात सुपर कॅश आपल्या फोल्डरचा सर्व्हरवरचा पूर्ण पत्ता कॉन्फिगमध्ये लिहून ठेवतं. हे सगळं बनलं तेव्हा एक साइट, एक सर्व्हर, एवढंच डोळ्यासमोर होतं, आणि त्या हिशोबाने ते बरोबरच होतं.

स्टेजिंग सर्रास व्हायला लागलं नंतर. आधी लोक सबफोल्डरमध्ये हाताने कॉपी करायचे, मग होस्टिंगवाल्यांनी एका क्लिकचं बटण दिलं आणि ते बटण इमानदारीने सगळंच उचलतं, कॅशचं फोल्डर, एचटीॲक्सेस, तो पूर्ण पत्तासुद्धा. म्हणजे स्टेजिंगचं प्लगइन लाइव्हच्या फोल्डरकडे बोट दाखवत राहतं, आणि दोन्ही एकाच सर्व्हरवर असतील तर स्टेजिंगवर कॅश साफ केली की कधीकधी लाइव्हचीच साफ होते. उलटंही होतं, लाइव्हवर सुपर कॅश आहे, कोणीतरी स्टेजिंगवर रॉकेट लावून बघतं, आवडतं, सगळं लाइव्हवर ढकलतं, आणि मग एचटीॲक्सेसमध्ये दोघांचेही नियम नांदत असतात. पान जुनं का दिसतंय ते शोधण्यात आख्खा दिवस जातो.

माझ्याकडे झालं ते याच्याही खालच्या थरातलं, ऑब्जेक्ट कॅशचं, म्हणजे अख्ख्या पानाऐवजी डेटाबेसमधून आणलेली माहिती मेमरीत ठेवायची. मेमकॅश्ड २००३ मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिकने लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या साइटसाठी लिहिलं, रेडिस २००९ मध्ये इटलीच्या साल्वातोरे सानफिलिपोने. दोन्ही मेमरीत किल्ली आणि तिच्यामागची माहिती ठेवतात, पण किल्ली कोणत्या साइटची हे त्यांना कळत नाही, ते साइटने किल्लीच्या नावातच सांगायचं असतं. वर्डप्रेसच्या जुन्या मेमकॅश्ड फाइलमध्ये त्यासाठी सॉल्ट, म्हणजे किल्लीच्या नावात घालायचा वेगळा शब्द, आहे, पण न सांगितल्यास तो रिकामा, मग उरतो फक्त टेबलचा प्रीफिक्स, म्हणजे डेटाबेसमधल्या टेबलांच्या नावाआधी लागणारी अक्षरं. तो बहुतेक ठिकाणी डब्ल्यूपी अंडरस्कोर, आणि स्टेजिंग तर कॉपीच, म्हणजे किल्ल्या तंतोतंत सारख्या. त्यातून वर्डप्रेस ऑटोलोड होणारे, म्हणजे दर वेळी आपोआप वाचले जाणारे, सगळे ऑप्शन (सेटिंग) एकाच किल्लीखाली ठेवतं आणि साइटचा पत्ताही त्यातच असतो. स्टेजिंगने शेवटी लिहिलं, लाइव्हने ते वाचलं, संपलं. डेटाबेस स्वच्छ दिसणार कारण चूक डेटाबेसमध्ये नाहीच.

होस्टिंगवाल्यांनी आपल्यापरीने हे ओळखलं होतं. २०१० मध्ये सुरू झालेल्या डब्ल्यूपी इंजिनने कॅश सर्व्हरवरच ठेवली आणि सुपर कॅश, टोटल कॅशसारखी प्लगइन बंद केली, तेव्हा लोक कुरकुरले पण माझ्या मते तो शहाणपणाचा निर्णय होता. वर्डप्रेसमध्ये मात्र ही साइट लाइव्ह आहे की स्टेजिंग हे सांगायची अधिकृत सोय आली थेट ऑगस्ट २०२० मध्ये, ५.५ आवृत्तीत. तीही तुम्ही काही सांगितलं नाही तर प्रॉडक्शनच, म्हणजे लाइव्हच, धरते, आणि कॅशच्या किल्ल्यांना हात लावत नाही, प्लगइनने स्वतःहून विचारलं तरच उपयोग.

म्हणून आता कॉपी झाली की स्टेजिंग ब्राउझरमध्ये उघडायच्या आधीच मी डब्ल्यूपी-कॉन्फिग उघडतो, कॅशची ओळ आणि सुपर कॅशच्या फोल्डरचा जुना पत्ता काढतो, ॲडव्हान्स्ड-कॅश आणि ऑब्जेक्ट-कॅश या दोन फाइल्स उडवतो, एचटीॲक्सेसमधले कॅशचे नियम काढतो. रेडिस चाचणीसाठी लागणारच असेल तर प्रीफिक्स वेगळा आणि डेटाबेस नंबरही वेगळा, रेडिसमध्ये ० ते १५ असे सोळा मुळातच मिळतात. फक्त नंबर वेगळा ठेवला आणि कोणी फ्लशऑल, म्हणजे सगळं पुसायची आज्ञा, चालवलं तर सोळाही रिकामे होतात, त्यामुळे ज्या दुकानावर रोज ऑर्डरी येतात त्याच्या स्टेजिंगला मी रेडिसच वेगळं देतो.