अन्नपरवान्याचा फेरविचार (ग्रामीण विदर्भ)

हॉटेल, खानावळ, ढाबा, मिठाईचे दुकान किंवा नाश्त्याची टपरी यांपैकी एखाद्या ठिकाणच्या खाण्यापासून लोकांच्या आरोग्याला धोका दिसल्यास तिथला परवाना चालू ठेवायचा, काही काळ थांबवायचा की रद्द करायचा, हे तपासणी आणि नोटिशीच्या आधारे ठरवण्याची प्रक्रिया. ‘फेरविचार’ हा शब्द कायद्यात नाही. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ ची कलमे ३२ व ३४ आणि परवाना व नोंदणी विनियम, २०११ मधील २.१.८ ही तरतूद मिळून ही प्रक्रिया बनते. महाराष्ट्रात ती अन्न व औषध प्रशासन राबवते. जागेची पाहणी अन्न सुरक्षा अधिकारी करतो आणि निर्णय सहायक आयुक्त (अन्न) पदावधित अधिकारी (कायद्याने निर्णयासाठी नेमलेला अधिकारी) म्हणून देतात. परवाना माणसाच्या नावे असला तरी तो जागेशी बांधलेला असतो; एकाच मालकाची गावात एक आणि फाट्यावर एक अशी दोन हॉटेले असतील तर परवानेही सहसा दोन लागतात.

प्रक्रियेचे मूळ कोठले, याबद्दल दोन मते संभवतात. पहिल्या मतानुसार ती अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियम, १९५४ (अंमल १ जून १९५५ पासून) याखालील नियम ५० मधून आली. परवाना देण्याआधी जागा आरोग्यदृष्ट्या निर्दोष आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी त्या नियमाने परवाना अधिकाऱ्यावर टाकली होती. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. त्यामुळे इथल्या जुन्या परवान्यांच्या अटींवर एकाहून अधिक राज्यांच्या कारभाराची छाप असणे शक्य आहे. दुसरे मत ब्रिटनच्या १९९० च्या अन्न सुरक्षा कायद्याकडे बोट दाखवते. त्यातील कलम १० सुधारणा नोटिशीचे, ११ मनाई आदेशाचे आणि १२ तातडीच्या मनाईचे; भारतीय कायद्यात हाच क्रम ३२, ३३, ३४ असा येतो आणि सुधारणेसाठी किमान चौदा दिवसांची मुदतही तीच आहे. शब्दरचनेतले हे साम्य पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र ब्रिटनमध्ये साध्या खानावळीला परवाना लागत नाही, नोंदणी पुरते; नोटीस पाळली नाही तर खटला होतो आणि तातडीची मनाई तीन दिवसांत न्यायालयापुढे न्यावी लागते. भारतात न्यायालयाच्या जागी अन्न सुरक्षा आयुक्त आले आणि नोटिशीच्या शेपटाला परवान्याचे निलंबन जोडले गेले. सांगाडा १९९० चा आणि परवाना १९५५ च्या वळणाचा, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

या जोडकामातून एक अडचण उभी राहते, आणि ती ग्रामीण भागालाच जास्त भिडते. कलम ३२ निलंबनाच्या बाबतीत फक्त ‘परवान्या’बद्दल बोलते. २०११ च्या विनियमांप्रमाणे वार्षिक उलाढाल ठराविक मर्यादेपर्यंत (मूळ विनियमांत ती १२ लाख रुपये होती) असलेल्या छोट्या व्यावसायिकाला परवाना नव्हे, नोंदणी लागते. आठवडी बाजारातली आलुबोंडा-भज्यांची गाडी, एसटी स्टँडवरची तर्री-पोह्याची टपरी, यात्रेतले जिलेबीचे दुकान हे सगळे त्यात मोडतात. मग नोंदणी थांबवता येते का? विनियम २.१.८ मध्ये ‘नोंदणी किंवा परवाना’ असे स्पष्ट म्हटले असल्याने येते, असाच अर्थ घ्यायला हवा. अधिनियमाच्या शब्दापलीकडे विनियम जाऊ शकत नाही, असा प्रतिवाद संभवतो. तो मान्य केला तर गावोगावची बहुतेक खाण्याची ठिकाणे निलंबनाच्या कक्षेबाहेर जातील, आणि तो कायद्याचा हेतू असू शकत नाही.

प्रत्यक्ष क्रम असा. तक्रार आल्यावर किंवा नेहमीच्या फेरीत पाहणी होते. त्रुटी आढळल्यास सुधारणा नोटीस निघते. तीत कारणे, नेमकी त्रुटी, करायचे उपाय आणि किमान चौदा दिवसांची मुदत या चारही गोष्टी लागतात. मुदतीत काम झाले नाही तर म्हणणे ऐकून निलंबन होते. त्यानंतरच्या पाहणीसाठी विनियमाने वाजवी मुदत सांगितली आहे, पण ती निलंबनापासून चौदा दिवसांपेक्षा कमी नसावी असेही म्हटले आहे. चार दिवसांत नाली बांधून, जाळ्या बसवून मोकळ्या झालेल्या माणसाचे दुकान त्यामुळे उगीच बंद राहू शकते. ‘चौदा दिवसांपेक्षा कमी नसावी’ ही अट बदलायला हवी. फेरपाहणीतही त्रुटी कायम असतील तर कारणे दाखवा नोटीस देऊन परवाना रद्द होतो. त्यानंतर तीन महिन्यांनी, नोटिशीतले सगळे मुद्दे पूर्ण केले असल्यास, नव्याने अर्ज करता येतो. भरलेले शुल्क परत मिळत नाही. अपील १५ दिवसांत आयुक्तांकडे करायचे असते. सुधारणा नोटिशीविरुद्धचे अपील मात्र १५ दिवस किंवा नोटिशीतली मुदत यांपैकी जे आधी संपेल त्याच्या आत करावे लागते, आणि चौदा दिवसांच्या नोटिशीत हा एक दिवस हमखास हुकतो. आयुक्तांचा निर्णय अंतिम असतो. पुढे उरते ती उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढची रिट याचिका.

कारवाई टिकते की पडते, हे बहुधा नोटिशीच्या भाषेवर ठरते. ‘स्वच्छता राखावी, पाणी शुद्ध वापरावे’ एवढेच लिहिलेली नोटीस अपिलात उभी राहत नाही आणि दुकानदारालाही काय करायचे ते कळत नाही. ‘भांडी धुण्याच्या ओट्याचे सांडपाणी मागच्या दारात उघड्यावर साचते, ओट्यापासून शोषखड्ड्यापर्यंत झाकलेली नाली करावी. पिण्याच्या पाण्याच्या ड्रमला झाकण व तोटी नाही. दोन्ही बसवावे, तांब्या बुडवणे बंद करावे. कामगारांची वार्षिक वैद्यकीय तपासणी व विषमज्वराची लस यांचे दाखले नाहीत, सादर करावेत.’ अशी ओळीगणिक त्रुटी आणि तिच्याच बाजूला उपाय असला की फेरपाहणीत वाद उरत नाही.

लोकांना उलट्या-जुलाब सुरू झाले असतील तर चौदा दिवस थांबता येत नाही. त्यासाठी दोन वाटा आहेत. सार्वजनिक आरोग्यासाठी कारणे लेखी नोंदवून परवाना तत्काळ निलंबित करता येतो, किंवा कलम ३४ खाली तातडीची मनाई नोटीस देऊन आयुक्तांकडून आदेश घेता येतो. या आदेशाच्या किमान एक दिवस आधी नोटीस पोचलेली असावी लागते. आदेशाची प्रत मालकाला देतात किंवा जागेवर ठळकपणे चिकटवतात. आदेश मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दोन लाख रुपयांपर्यंत दंड आहे. उपाय झाल्यावर मालकाने अर्ज केला की सात दिवसांत दाखला द्यायचा. समाधान नसेल तर दहा दिवसांत कारणे कळवायची. आदेश उठतो तो या दाखल्याने. कागद दारावरून काढल्याने नव्हे.

विदर्भात पाहणीचा पहिला मुद्दा पाणी असायला हवा. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात (अकोला, अमरावती, बुलढाणा) भूजल खारट आहे, तर यवतमाळ व चंद्रपूरच्या काही भागांत त्यात फ्लोराइड आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालते. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. म्हणून बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या ढाब्याला प्रयोगशाळेचा अहवालच मागावा. जंतूंच्या प्राथमिक अंदाजासाठी जागेवरची ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे की नाही याची चाचणी, करता येते. ड्रमच्या तोटीचे पाणी नळीत घेऊन द्रावणाचे थेंब टाकले की पिवळा रंग यावा. क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. नमुना ग्रामपंचायतीच्या टाकीवर न घेता दुकानाच्या ड्रममधून घ्यायचा. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडलेले असते, पण ड्रम उघडा आणि जुना असला की क्लोरीन तिथेच उडून जातो.

दुसरा मुद्दा उन्हाळ्याचा. पारा ४५ अंशांवर गेला की सकाळी शिजवलेला भात आणि रस्सा दिवसभर जंतुवाढीच्या तापमानातच राहतो. गरम अन्न ६० अंशांच्या वर ठेवायला हवे. भातातला बॅसिलस सीरियस आणि खव्यातला स्टॅफिलोकॉकस या जंतूंची विषे अन्न पुन्हा गरम केल्याने नाहीशी होत नाहीत. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर संशय प्रथम याच दोघांवर घ्यावा. अशा वेळी उरलेल्या अन्नाचा नमुना जंतुतपासणीसाठी बर्फात ठेवून पाठवायचा असतो. दुधाच्या नमुन्यात एरवी टिकण्यासाठी घालतात ते फॉर्मलिन इथे पडले तर जंतूच मरतात आणि पुरावा संपतो. तळणीच्या तेलात एकूण ध्रुवीय संयुगे (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने बनणारी द्रव्ये) २५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावीत, ही मर्यादा १ जुलै २०१८ पासून आहे.

गॅस, वीज आणि इमारतीचा धोका अन्नपरवान्याच्या कक्षेत फारसा येत नाही. घरगुती १४.२ किलोचे सिलिंडर हॉटेलात वापरणे किंवा परवान्याशिवाय १०० किलोपेक्षा जास्त गॅस साठवणे ही बाब पुरवठा विभाग व स्फोटके नियंत्रकांची आहे. १९ किलोची पाच सिलिंडरे मिळून ९५ किलो होतात. सहावे आले की मर्यादा ओलांडली जाते. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने हे पंचनाम्यात नोंदवून संबंधितांना कळवावे. त्याच कारणावर परवाना निलंबित केला तर आदेश अपिलात अडकतो.

परवानाधारक वारला तर परवाना तीन महिने वारसांच्या हितासाठी चालू राहतो. पदावधित अधिकारी ही मुदत वाढवू शकतो. या काळातली नोटीस मृताच्या नावे न काढता धंदा सांभाळणाऱ्या वारसाच्या नावे काढावी.