फवारणीची विषबाधा

पिकावर कीटकनाशक मारताना ते कातडीतून, श्वासातून किंवा तोंडावाटे अंगात जाऊन जो त्रास होतो ती फवारणीची विषबाधा. कारखान्यातल्या केमिकलने कामगाराला होतो तसाच हा कामामुळे होणारा आजार आहे, पण खानदेशात त्याला आजार कोणी म्हणत नाही, नुसतं "औषध लागलं" म्हणतात. विषालाच औषध म्हणायची सवय लागली की माणूस घाबरणार तरी कशाला.

जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे कपाशी, आणि फवारणीचा जोर पावसाळ्यात. ऑगस्ट-सप्टेंबरात कपाशी छातीला लागते, वावरात दमट उकाडा, पाठीवर 15-16 लिटरचा पंप, त्याच्या झाकणातून गळणारं पाणी शर्ट भिजवत कमरेपर्यंत उतरतं आणि तोच शर्ट संध्याकाळपर्यंत अंगावर. नोझल तुंबलं की तोंडाने फुंकतात. आमच्याकडच्या सालदाराला एकदा असंच झालं, दुपारी बांधावर येऊन बसला, घामाने निथळत होता, लाळ थांबेना, सगळे म्हणाले ऊन लागलं, ताक पाजा. सावलीत आणला तरी त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्याच होत्या. ती विषबाधेची खूण तेव्हा आम्हाला कळायला पाहिजे होती.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गेनोफॉस्फेट, म्हणजे फॉस्फरस असलेल्या गटातली विषं. आपल्या नसांमध्ये अ‍ॅसिटिलकोलिन नावाचा निरोप्या असतो, त्याचं काम झालं की एक एन्झाइम त्याला मोडून टाकतं, हे विष त्या एन्झाइमलाच बांधून ठेवतं, मग निरोप थांबतच नाही: घाम, लाळ, उलटी, जुलाब, स्नायू फडफडणं, छातीत पाणी, शेवटी श्वास बंद. दवाखान्यात अ‍ॅट्रोपिन देतात, छाती कोरडी होईपर्यंत परत परत, सोबत बऱ्याचदा पीएएम, म्हणजे बांधलेलं एन्झाइम मोकळं करायचं औषध. बरं वाटलं म्हणून लगेच घरी आणू नये, कारण 1 ते 4 दिवसांनी मान उचलता न येणं, श्वास अडकणं असं परत होऊ शकतं.

डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. 1968 चा कीटकनाशक कायदा आहे, 1971 च्या नियमांत तर अशी विषं हाताळणाऱ्यांची डॉक्टरकडून तपासणी करायला सांगितलंय, पण वावरातल्या मजुराची अशी तपासणी होताना मी तरी कधी बघितली नाही. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात फॉस्फरसच्या विषाने होणारा आजार कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत घातला होता, पण आज याच्या वावरात उद्या त्याच्या वावरात जाणारा रोजंदार दावा करणार तरी कोणावर?

त्रास सुरू झाला की आधी भिजलेले कपडे काढायचे, अंग साबण लावून भरपूर पाण्याने धुवायचं, उलटी मुद्दाम काढायची नाही, आणि गाडीत बसवताना औषधाचा डबा लेबलसकट सोबत घ्यायचा, म्हणजे कोणतं विष ते डॉक्टरला लगेच कळतं.