साडेचारशे वॅट नेमके गेले कुठे?

पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे भाग घेऊन गेमिंगचा संगणक जुळवणारा गिऱ्हाईक ग्राफिक्स कार्डाच्या किमतीवर तासभर घासाघीस करतो, आणि एसएमपीएस मात्र दुकानदार कॅबिनेटसोबत देईल तो मुकाट्याने घेतो. वास्तविक उरलेल्या प्रत्येक भागाला वीज पुरवणारा भाग तोच असतो.

एसएमपीएस घरातल्या 230 व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे दिष्ट विजेत रूपांतर करतो, सेकंदाला हजारो वेळा तिची उघडझाप करतो आणि लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून 12, 5 व 3.3 व्होल्टचे प्रवाह काढतो. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज 12 व्होल्टच्या तारांतूनच घेतात, म्हणून खोक्यावरच्या ठळक आकड्यापेक्षा बाजूच्या लेबलावरचा बारीक तक्ता महत्त्वाचा. समजा, खोक्यावर 450 वॅट लिहिले आहे, पण तक्त्यात 12 व्होल्टपुढे 17 अँपिअरच आहेत. गुणाकार केला की 204 वॅट उरतात. बाकीचे वॅट ज्या व्होल्टांच्या नावे दाखवले आहेत, त्यांचा या संगणकाला फारसा उपयोग नाही.

आता गरज पाहू. रेडिऑन आरएक्स 6600 हे कार्ड 132 वॅटचे आणि रायझन 5 5600 हा प्रोसेसर भर कामात साधारण 76 वॅटचा. म्हणजे या दोघांतच 208 वॅट झाले. मदरबोर्ड, पंखे आणि डिस्क अजून मोजलेलेच नाहीत. शिवाय कार्ड काही मिलिसेकंद याहून बरीच जास्त वीज ओढते. म्हणून खरोखर 450 वॅट देणारा, 12 व्होल्टवर पस्तीसेक अँपिअर पेलणारा एसएमपीएस घ्यावा. '80 प्लस'चा शिक्का चांगला, पण तो फक्त कार्यक्षमता सांगतो. शॉर्टसर्किट किंवा अतिरिक्त व्होल्टेजपासून संरक्षण आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही, ते वेगळे पाहावे लागते.

स्वस्त मालात सर्वांत आधी काटछाट होते ती आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये, आणि तिचा परिणाम पुण्यात वळवाच्या पावसात दिसतो. फांदी तारेला घासते, दिवा क्षणभर मिचकतो, इन्व्हर्टर चालू होतो. तेवढ्या अवधीत संगणक कपॅसिटरमध्ये साठलेल्या ऊर्जेवरच चालतो. 300 वॅटचा भार 17 मिलिसेकंद तोलायला सुमारे 5 ज्यूल लागतात. ऐकायला हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण लहान कपॅसिटर तेवढेही देऊ शकत नाही आणि खेळ ऐन रंगात असताना पडदा काळा होतो. मोठे कपॅसिटर असूनही हे घडत असेल, तर इन्व्हर्टरची पालटण्याची वेळ तपासावी. यूपीएस मोडवर ती पुष्कळ कमी होते.

कपॅसिटर 105 अंश सेल्सिअसपर्यंतचे तापमान पेलणारे आहेत की 85 अंशांपर्यंतचे, हेही विचारावे, कारण तापमान 10 अंशांनी उतरले की त्यांचे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते. दुकानदाराला सांगता आले नाही, तर वॉरंटी किती वर्षांची आहे ते पाहावे. माझ्या मते तीन वर्षांहून कमी वॉरंटीच्या वाटेला जाऊ नये.

पेठांतल्या जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांनी मात्र खरेदीआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडी वीज नेहमीच कॅबिनेटकडे झिरपते, आणि सॉकेटचे तिसरे छिद्र नुसतेच नावाला असेल, तर उत्तम एसएमपीएस बसवूनही पत्र्याला हात लावताच बोटांना मुंग्या येतात.