यकृत-उच्छेदन

यकृताचा रोगग्रस्त भाग शस्त्रक्रियेने काढून टाकणे. ‘काळीज’ हा शब्द हृदय व यकृत अशा दोन्ही अर्थी चालत असल्याने येथे ‘यकृत’ हीच संज्ञा घेतली आहे.

पहिल्या नियोजित उच्छेदनाचे श्रेय सामान्यतः बर्लिनचे कार्ल लांगेनबूख यांना देतात (१८८८). रक्तवाहिन्यांच्या रचनेनुसार यकृताच्या उजव्या भागाचे उच्छेदन प्रथम कोणी केले याबाबत मात्र एकमत नाही. पाठ्यपुस्तकांत पॅरिसचे लोर्ता-जाकोब (१९५२) यांचे नाव रूढ आहे. परंतु क्योटोचे होंजो यांनी ते १९४९ च्या सुमारास केले होते. त्यांचा वृत्तांत आधी जपानीत आल्याने पश्चिमेत उशिरा पोचला. होंजो यांचा अग्रक्रम अधिक ग्राह्य दिसतो. हानोईचे तोन थात तुंग यांनी त्याआधीच, बहुधा १९३९ पासून, यकृत बोटांनी चिरडून उघड्या पडणाऱ्या वाहिन्या व पित्तनलिका बांधण्याची रीत अवलंबिली होती. आता ते काम श्राव्यातीत (अल्ट्रासॉनिक) ध्वनीच्या उपकरणांनीही होते.

फ्रेंच शरीररचनातज्ञ कुइनो यांनी १९५० च्या दशकात मांडलेले यकृताचे आठ खंड आजही छेदरेषेचा आधार आहेत. रक्तस्राव आवरण्यासाठी प्रिंगल (१९०८) यांच्या युक्तीने प्रतिहारी नीला (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी शीर) व यकृत-रोहिणी काही मिनिटे दाबून धरतात, मग सोडतात. किती कापले यापेक्षा किती उरले हे निर्णायक असते: निरोगी यकृताचा साधारण २५–३० टक्के भाग पुरतो, सिरोसिसमध्ये (यकृत व्रणमय व कठीण होण्याच्या विकारात) सुमारे ४० टक्के लागतो. उरलेला भाग वाढतो, पण कापलेला खंड पुन्हा उगवत नाही.

ग्रामीण विदर्भात यकृतातील अमीबाजन्य गळवाला उच्छेदन सहसा लागत नाही. औषधे व गरजेनुसार सुईने पू काढणे पुरते. कुत्रे व शेळ्या-मेंढ्यांच्या साखळीतून येणाऱ्या पट्टकृमीमुळे होणाऱ्या हायडॅटिड गाठीत काही वेळा उच्छेदन करावे लागते. पूर्व विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळत असल्याने भुलीपूर्वी त्याची तपासणी टाळू नये. रक्तपुरवठा रोखण्याचा काळ अशा रुग्णात विशेष धोक्याचा ठरतो. मोठ्या उच्छेदनासाठी गडचिरोलीच्या रुग्णाला बहुधा सुमारे १७० किमीवरचे नागपूर गाठावे लागते. पित्तगळती घरी परतल्यावरही उघडकीस येऊ शकते. म्हणून ताप, पोटफुगी वा डोळ्यांत पिवळेपणा दिसताच, कावीळ उतरवून घेण्यात दिवस न घालवता परत यावे, हे नातेवाइकांना सुट्टी देतानाच सांगणे आवश्यक असते.