गोटा, रॉड आणि खुली व्यायामशाळा: विदर्भातल्या गावांत ताकदीची साधनं कशी बदलली

विदर्भातल्या बऱ्याच गावांत आज शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात रंगीत नळ्यांची खुली व्यायामशाळा दिसते. मारुतीच्या देवळामागे जुन्या आखाड्याचा दगडी गोटा पडलेला असतो. आणि पोलीस भरतीची तयारी करणारे पोट्टे तिसरीकडेच, कुणाच्या तरी कोठ्यात सिमेंटचे डबे लावलेल्या रॉडवर वजन मारत असतात. ही तीन काळांची साधनं आहेत. ती पारखायची कसोटी मात्र एकच: वजन थोडंथोडं वाढवता येतं का, आणि किती वाढलं ते कळतं का?

जुन्या आखाड्यात हे काम मुद्गराच्या जोड्या करायच्या. हलकी जोडी हातात बसली की पुढची घ्यायची, हलकी धाकट्याकडे जायची. जोडी न बदलताही भार वाढवता यायचा: मूठ टोकाकडे सरकवली की तरफ लांबते आणि तोच मुद्गर जड लागतो. गाडीच्या कामाची बाभूळ, तिवस, धावडा अशी जड, चिवट लाकडं सुताराकडे असायचीच. पारख लाकडाच्या रेषांवर व्हायची. रेषा बुंध्यापासून मुठीच्या टोकापर्यंत सरळ हव्यात, त्या मानेजवळ तिरप्या निसटल्या की मुद्गर नेमका तिथंच तुटतो आणि बुंधा कुणाच्या तरी पायावर जातो. लाकूड ओलं असेल तर पहिल्याच उन्हाळ्यात तळाला चिरा पडतात. वरून जवसाचं तेल लावायचं, कारण ते हवेत सुकून पातळ थर धरतं. शेंगदाण्याचं तेल सुकत नाही, मूठ चिकट राहते. मल्लखांबाला मात्र एरंडेल. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवा जन्म दिला.

अमरावतीला १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झालं आणि आखाड्यातल्या या व्यायामांना विदर्भात शिस्तबद्ध शिक्षणाचं घर मिळालं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथं देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. गंमत अशी, की मुद्गर त्याआधीच परदेशी पोचला होता. इंग्रज पलटणींनी तो एकोणिसाव्या शतकात उचलला, आणि १९०४ च्या सेंट लुईस ऑलिम्पिकमध्ये मुद्गर फिरवण्याची स्पर्धाही झाली.

उलट्या वाटेनं आला तो रॉड. आधीच्या बारबेलला, म्हणजे वजन लावलेल्या रॉडला, दोन टोकांना गोळे असत, काही पोकळ, त्यांत वाळू नाहीतर छर्रे भरायचे. १९०२ साली फिलाडेल्फियात अ‍ॅलन कॅल्व्हर्टनं वजन कमीजास्त करता येणारी बारबेल विकायला सुरुवात केली. १९२८ मध्ये न्यूरेंबर्गच्या बर्गनं फिरती टोकं दिली, त्यामुळे प्लेटा, म्हणजे वजनाच्या लोखंडी चकत्या, फिरल्या तरी मनगट पिळवटत नाही. आजचा पुरुषांचा स्पर्धेचा रॉड २.२ मीटर लांब, २० किलोचा, पकडीला २८ मिलिमीटर आणि टोकांना ५० मिलिमीटर असतो.

तालुक्याच्या दुकानात मिळतो तो वेगळाच, साधारण २५ मिलिमीटरचा सरळ रॉड. म्हणून प्लेट घेण्याआधी तिचं भोक मोजायचं. ५० मिलिमीटरची प्लेट या रॉडवर डगडगते, आणि लहान भोकाची प्लेट मोठ्या रॉडवर चढतच नाही. रॉड भरीव आहे की नळी, हे सळईच्या हिशेबानं कळतं: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे एका मीटरचं किलोमधलं वजन. २५ मिलिमीटरचा पाच फुटी भरीव रॉड सहा किलोच्या आसपास भरायला हवा. चार भरला तर ती नळी. जाडीतला तीन मिलिमीटरचा फरक किरकोळ वाटतो, पण वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनानं वाढते, त्यामुळे त्याच लोखंडाचा २८ चा रॉड जवळपास १.४ पट भार सोसतो. रॉड दोन विटांवर ठेवून फिरवावा; मधला भाग वरखाली झाला तर तो आधीच वाकलेला आहे. प्लेटांवरच्या आकड्यावर विसंबू नये. कापसाच्या काट्यावर प्रत्येक प्लेट मोजून खरं वजन तिच्यावरच रंगवावं आणि जोड्या त्यावरून लावाव्यात.

सिमेंटचा डबा स्वस्त खरा, पण तेवढ्याच आकाराचं लोखंड तिप्पट जड असतं. दहा लिटरच्या बादलीत २४ किलोच्या आसपास बसतात. म्हणजे वाढ एकदम बादलीची, मधली पायरी नाही. शिवाय रॉड सिमेंटात ओतून बसवला असेल तर दोनतीनदा आपटल्यावर त्याच्या कडेनंच तडा जातो.

गेल्या काही वर्षांत सरकारी निधीतून आलेल्या खुल्या व्यायामशाळेनं ही पायरी पूर्णच काढून टाकली. तिच्या छातीच्या यंत्रावर माणूस तरफेनं स्वतःलाच उचलतो. साठ किलोच्या पोराला पहिल्या दिवशी जो भार, तोच सहा महिन्यांनी. वाढतं ते फक्त किती वेळा मारलं, तेवढंच. म्हाताऱ्यांचे सांधे मोकळे करायला ती चांगली, बेअरिंगला ग्रीस मिळत असेल तोवर. ताकदीसाठी तिथलं खरं कामाचं साधन म्हणजे सिंगल बार, लटकून अंग वर ओढायचा आडवा दांडा, आणि नेमका तोच अनेक ठिकाणी नसतो किंवा हलतो.

हलण्याचं कारण काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, आणि फूटभर खोल गाडलेला खांब दोन वर्षांत कलतो. खड्डा निदान तीन फूट हवा. काळी माती काढून टाकायची, तळाला मुरूम थराथरानं पाणी मारून ठोकायचा, मग काँक्रीट. काँक्रीटचा माथा जमिनीच्या दोन इंच वर आणि बाहेर उतार देऊन ठेवायचा, नाहीतर पाणी खांबाच्या बुडाशी साचून गंज तिथूनच सुरू होतो. मे महिन्यात बार दुपारी हात भाजतो, म्हणून तो झाडाच्या सावलीत येईल असा बसवावा.

गावच्या मंडळाकडे पैसे मोजकेच असतील तर आधी हा बार, मग भरीव रॉड, मग प्लेटा. वजन थोडंथोडं वाढवता यावं म्हणून त्यांत सव्वा किलोची एक जोडी दुकानदाराकडून मागूनच घ्यावी लागते, कारण तयार सेटमध्ये ती बहुधा नसते.