हेड कोचकडून चाहत्यांच्या अपेक्षा (अमेरिकन कॉलेज फुटबॉल)

अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉल संघांचे चाहते आपल्या मुख्य प्रशिक्षकाकडे, म्हणजे ‘हेड कोच’कडे, काय मागतात, किती दिवस दम धरतात आणि कशावरून त्याला घालवतात, याविषयीची ही नोंद. हा फुटबॉल कोल्हापूर-गोव्यातला नव्हे. लंबगोल चेंडू, हेल्मेट आणि खांद्यावर कवचे असलेला हा अमेरिकन खेळ आहे. त्याचा पहिला आंतरविद्यापीठीय सामना रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात १८६९ साली झाला असे मानतात.

या खेळात सगळा रोख प्रशिक्षकावर का, हे आधी समजून घ्यायला हवे. खेळाडू अठरा ते बावीस-तेवीस वर्षांचे विद्यार्थी. चार-पाच वर्षांत ते निघून जातात. संघाला मालक नसतो. विद्यापीठाच्या अध्यक्षाचे नाव गावातल्या निम्म्या लोकांना माहीत नसते. मैदानाच्या कडेला वर्षानुवर्षे दिसणारा माणूस एकच, तो कोच. बहुतेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर राज्यपाल नसून राज्य विद्यापीठाचा एखादा क्रीडा प्रशिक्षक असतो. अव्वल फुटबॉल कोचचा वर्षाचा मोबदला आता एक कोटी डॉलरपलीकडे गेला आहे. शिवाय नियमित हंगामात सामने फक्त बारा. १९९८ ते २०१३ या हंगामांत विजेतेपदासाठी दोनच संघ निवडले जात, मग चार, आणि २०२४ पासून बारा. त्यामुळे सप्टेंबरातला एक पराभव वर्षभर उरावर बसे, आणि ती सवय प्लेऑफ (विजेतेपदाची बाद फेरी) मोठी झाल्यावरही सुटलेली नाही.

वरवर पाहता अपेक्षा एकच वाटते: जिंकावे. पण किती जिंकले म्हणजे पुरे, हे समोरचा संघ ठरवत नाही, आधीचा कोच ठरवतो. नेब्रास्काचे उदाहरण यासाठी सर्वांत बोलके आहे. लिंकन शहरातल्या मेमोरियल स्टेडियमची तिकिटे १९६२ पासून प्रत्येक सामन्याला पूर्ण विकली जात आहेत. सामन्याच्या दिवशी स्टेडियम हेच राज्यातले तिसरे मोठे शहर होते, असे तिथे म्हणतात. टॉम ऑस्बोर्न यांनी १९७३ ते १९९७ अशी पंचवीस वर्षे संघ सांभाळला आणि एकाही हंगामात नऊपेक्षा कमी विजय मिळवले नाहीत. तरीही बराच काळ त्यांच्यावर आक्षेप असा, की कट्टर प्रतिस्पर्धी ओक्लाहोमाला हरवत नाहीत आणि राष्ट्रीय विजेतेपद आणत नाहीत. २ जानेवारी १९८४ च्या ऑरेंज बाउलमध्ये (‘बाउल’ म्हणजे चांगल्या संघांना हंगामाअखेर मिळणारा जादा सामना) मायामीविरुद्ध शेवटच्या मिनिटात नेब्रास्का ३०-३१ असा एका गुणाने मागे होता. चेंडूला साधी किक मारून बरोबरी साधली असती, तर अपराजित संघाला विजेतेपद जवळजवळ नक्की होते. जादा वेळेची तरतूद त्या काळी नव्हती. ऑस्बोर्न यांनी बरोबरी नाकारली, विजयासाठी दोन गुणांचा प्रयत्न केला आणि तो फसला. त्या पराभवाने त्यांची प्रतिमा उलट उंचावली. विजेतेपदे पुढे १९९४, १९९५ आणि १९९७ ला आली.

त्यांच्या जागी आलेल्या फ्रँक सोलिच यांचे सहा वर्षांत ५८ विजय आणि १९ पराभव. २००१ च्या हंगामात त्यांनी संघ विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत नेला, २००२ मध्ये मात्र ७-७ (सात विजय, सात पराभव) अशी घसरण झाली. २००३ मध्ये नऊ विजय मिळवूनही त्यांना काढले. नव्या कोचच्या पहिल्याच वर्षी, २००४ मध्ये, नेब्रास्काने १९६१ नंतर पहिल्यांदा विजयांपेक्षा जास्त पराभव पाहिले. मग बो पेलिनी आले. त्यांनीही सातही हंगामांत किमान नऊ सामने जिंकले, आणि २०१४ मध्ये तेही ९-३ वरच गेले. ‘नऊ विजय पुरेत का’ या प्रश्नाने या राज्याचे दशकभर डोके खाल्ले. उत्तर पुढच्या कोचांनी दिले, पण भलत्याच प्रकारे: २०१७ ते २०२३ या सात हंगामांत संघाला एकही बाउल सामना मिळाला नाही. त्या काळातले स्कॉट फ्रॉस्ट तर १९९७ च्या विजेत्या संघाचे क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचे सूत्रधार खेळाडू, घरचाच मुलगा. त्यांचा हिशेब १६ विजय, ३१ पराभव. त्यांना सप्टेंबर २०२२ मध्ये जॉर्जिया सदर्नकडून हरल्यावर दुसऱ्याच दिवशी काढले. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते, तर द्यायची दीड कोटी डॉलरची भरपाई निम्म्यावर आली असती. तीन आठवडे कळ न काढण्याची किंमत ७५ लाख डॉलर होती. विद्यापीठाने ती मोजली.

लाडका कोच राजकारणातही चालतो, पण एका मर्यादेपर्यंत. ऑस्बोर्न पुढे खासदार झाले. २००६ मध्ये राज्यपालपदाच्या उमेदवारीसाठी उभे राहिले आणि पक्षांतर्गत निवडणुकीत हरले.

अलाबामात हीच गोष्ट आणखी ताणून पाहायला मिळते. पॉल ‘बेअर’ ब्रायंट यांनी १९५८ ते १९८२ या काळात सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आणि शेवटच्या सामन्यानंतर महिनाभरातच ते वारले. पुढच्या प्रत्येकाला त्यांच्याशी तोलले गेले. बिल करी तर ब्रायंटच्या तालमीतले नव्हते, जॉर्जिया टेकचे होते. हे त्यांना कधी माफ झाले नाही. १९८८ मध्ये एका पराभवानंतर त्यांच्या कार्यालयाच्या खिडकीतून वीट आली. १९८९ चे पहिले दहाही सामने त्यांनी जिंकले, पण राज्यातल्याच प्रतिस्पर्धी ऑबर्नविरुद्ध तिसऱ्या वर्षीही हरले आणि हंगाम संपताच केंटकीला निघून गेले. २००७ मध्ये निक सेबन आले, तेव्हा एप्रिलमधला सरावाचा सामना पाहायला ९२ हजारांवर लोक आले होते. त्या वर्षी संघ लुइझियाना-मनरोसारख्या लहान विद्यापीठाकडूनही हरला. सेबन यांना वेळ मिळाला आणि सहा विजेतेपदे आली, हे खरे. पण त्या संयमामागे पंचवीस वर्षांची थकावटही असावी. २००८ पासून निवृत्तीपर्यंत त्यांनी एकाही वर्षी दहापेक्षा कमी सामने जिंकले नाहीत. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या केलन डीबोअर यांचा ९-४ चा पहिला हंगाम, आणि त्यातही व्हँडरबिल्टकडून झालेला ३५-४० असा पराभव, तिथे संकट म्हणून चर्चिला गेला.

काही विद्यापीठांत बाकी सगळे एका पारड्यात आणि एक सामना दुसऱ्या पारड्यात. ओहायो स्टेटचे जॉन कूपर १११ सामने जिंकले, पण मिशिगनविरुद्ध तेरा वर्षांत दोनदाच. जानेवारी २००१ मध्ये त्यांना निरोप मिळाला. नवे कोच जिम ट्रेसेल यांनी बास्केटबॉल सामन्याच्या मध्यंतरात प्रेक्षकांपुढे उभे राहून सांगितले, की ३१० दिवसांनी अ‍ॅन आर्बरमध्ये तुम्हाला अभिमान वाटेल. विजेतेपदाचे नाव नाही, फक्त मिशिगनच्या गावाचे. तो सामना त्यांनी जिंकला आणि पुढच्या वर्षी विजेतेपदही. कोल्हापुरात पेठेच्या तालमीचा संघ शेजारच्या पेठेकडून हरल्यावर गल्लीत काय वातावरण असते हे ज्याने पाहिले आहे, त्याला ओहायो स्टेटच्या कोलंबस शहरातला नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. सध्याचे कोच रायन डे नोव्हेंबर २०२४ मध्ये मिशिगनकडून सलग चौथ्यांदा हरले, तेव्हा घरच्याच प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. सात आठवड्यांनी, २० जानेवारी २०२५ ला, त्यांनी नोत्र दामला ३४-२३ हरवून राष्ट्रीय विजेतेपद आणले.

याउलट कॅन्सस स्टेट. १९८७ आणि १९८८ या दोन हंगामांत मिळून या संघाने एकही सामना जिंकला नव्हता. १९८९ मध्ये बिल स्नायडर आले आणि पहिल्या वर्षी एकच विजय मिळाला. कुणी ओरडले नाही. काही वर्षांत ते नऊ-दहा विजयांवर पोहोचले, आणि ते हयात असताना, पुढे पुन्हा प्रशिक्षक होणार असतानाही, स्टेडियमला त्यांचे आणि त्यांच्या कुटुंबाचे नाव दिले गेले. लिंकनमध्ये ज्या आकड्यावर नोकरी गेली, तो मॅनहॅटन, कॅन्सस इथे गौरवाचा ठरला. दोन्ही गावांत गाडीने जेमतेम अडीच-तीन तासांचे अंतर असेल.

चारित्र्य, विद्यार्थ्यांची पदवी, नियमपालन यांचा उल्लेख प्रत्येक नेमणुकीच्या भाषणात असतो. चाहते ते मनापासून मागतातही, पण त्याचे वजन जिंकण्यानंतरच येते. निष्ठेचे तसे नाही. लेन किफिन जानेवारी २०१० मध्ये एका हंगामानंतर टेनेसी सोडून गेले, तेव्हा तिथल्या नॉक्सव्हिल गावचे विद्यार्थी रात्री रस्त्यावर उतरले होते. तेच किफिन नोव्हेंबर २०२५ मध्ये ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) संघ प्लेऑफच्या दारात असताना एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) गेले. कोचने आयुष्यभर राहावे ही मागणी करणारे चाहते त्याला तीन वर्षांत काढण्याचीही मागणी करतात. यात विसंगती आहे, पण चाहत्यांना ती जाणवत नाही. पुण्या-मुंबईहून या विद्यापीठांत एमएससाठी गेलेल्या मुलांना खेळाचे नियम कळायला एक हंगाम लागतो, कोचला शिव्या द्यायला मात्र दोन शनिवार पुरतात.

जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येते आणि दुसऱ्या विद्यापीठात जाणेही सोपे झाले आहे. त्यामुळे ‘संघ घडवायला चार वर्षे द्या’ हा कोचचा जुना बचाव लंगडा पडला. इंडियानाचे कर्ट सिग्नेट्टी यांनी २०२४ मध्ये बाहेरून खेळाडू आणून पहिल्याच नियमित हंगामात अकरा विजय मिळवले, तेही पराभवांसाठी प्रसिद्ध असलेल्या विद्यापीठात. मग आमच्याकडे का नाही, हे विचारायला प्रत्येक गाव मोकळे झाले. २०२५ च्या हंगामात पेन स्टेट, फ्लोरिडा, एलएसयू आणि ऑबर्न या चारही ठिकाणी कोच हंगाम चालू असतानाच गेले.

वर्गणी देणारे धनाढ्य चाहते, म्हणजे ‘बूस्टर’, या घाईला पैसा पुरवतात. टेक्सस ए अँड एमने २०१७ च्या डिसेंबरात जिम्बो फिशर यांच्याशी दहा वर्षांचा, साडेसात कोटी डॉलरचा करार केला. काही आठवड्यांनी विद्यापीठाच्या चॅन्सेलरांनी त्यांना राष्ट्रीय विजेतेपदाची एक पाटी भेट दिली. तिच्यावर सालाचे शेवटचे दोन आकडे तेवढे मोकळे ठेवले होते. करार २०२१ मध्ये वाढवला. विजेतेपद आले नाही, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये फिशर यांना काढले, तेव्हा देणे राहिले साडेसात कोटी डॉलरहून अधिक. त्याचे हप्ते २०३१ पर्यंत चालणार आहेत.